दिसतंच आहे

"बरं चाललंय तुझं. दिसतंच आहे." काकू दारात एका हातानं भिंत धरून चपलेत पाय सरकवत होत्या, तेव्हा म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, हेवाही नव्हता. मीच त्यांची पिशवी घेतली, लिफ्टनं खाली आलो, रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला स्टेशनपर्यंतचे पैसे आधीच देऊन टाकले. परत वर आलो तर कप तसेच टीपॉयवर. काकूंच्या कपात अर्धा चहा उरलेला, त्यावर साय धरलेली. चहा अर्धा टाकणारी ही बाई नव्हे. आमच्या जुन्या बिल्डिंगीत तळमजल्यावर मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या तेव्हा बशीत ओतलेला शेवटचा घोटसुद्धा त्या बशी तिरकी करून पीत. तो कप मी विसळला आणि तेव्हापासून ते दोन शब्द डोक्यात घोळत राहिले. दिसतंच आहे. काय दिसत होतं?

मी आठवून पाहिलं. काकू आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या. बदलापूरहून आल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढे, गाडीत बसायला मिळालं म्हणून खुशीत होत्या. मग मी त्यांना घर दाखवलं. घर दाखवायचंच असतं, त्यांनी न पाहता जावं असं थोडंच होतं. ठाण्यात, जिथं त्यांच्या मोरीची खिडकी होती त्याच जमिनीवर हा टॉवर उभा आहे. चौदाव्या मजल्यावरून एका बाजूला येऊरचे डोंगर दिसतात, पावसाळ्यात ढग त्यांच्या अंगावर अक्षरशः लोळतात. दुसऱ्या खिडकीतून खाडीची एक पट्टी आणि पलीकडे पारसिकचा डोंगर. मी काकूंना दोन्ही खिडक्यांपाशी नेलं. हाताला धरून नेलं, प्रेमानं नेलं. त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या. "उंच आहे बाई," एवढंच म्हणाल्या.

रात्री बायकोला विचारलं, "मी काकूंना काही लागेल असं बोललो का गं?" ती भाजी निवडत होती. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बोलण्याचं राहू दे. चेहरा बघायला हवा होतास स्वतःचा. अर्ध्या हळकुंडाचा."

तिला ठाऊक नव्हतं, पण ही म्हण मी पहिल्यांदा काकूंच्याच तोंडून ऐकली होती.

काकूंचा हळदीचा उद्योग होता. काका एका छापखान्यात होते, पगार वेळेवर नसे. उन्हाळा लागला की सांगलीकडून हळकुंडांचं पोतं यायचं. हळकुंड दिसायला अगदीच मळकट. लाकडाच्या ढलपीसारखं, हातात वाजवलं तर खट्‌ खट्‌ आवाज येतो. पण मोडलं की आत गडद नारिंगी. ओली हळद शिजवायची, मग उन्हात दहा-पंधरा दिवस वाळवायची, मग घासून तिची साल काढायची, तेव्हा कुठं तिचं हळकुंड होतं, हे मला काकूंनीच सांगितलं होतं. त्या मागच्या अंगणात लोखंडी खलबत्त्यात हळकुंडं कुटायच्या आणि पातळ धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायच्या. फडक्याचं एक टोक धरायचं काम माझं. दुपारच्या उन्हात तो वास घशात उतरायचा, कडू, मातकट, थोडा गरम. नाकात गेलं की शिंका. तळवे पिवळे व्हायचे आणि मी तसाच पळत जिना चढलो की लाकडी पायऱ्यांवर पिवळी पावलं उमटायची, त्यावरून आई कावायची. सदऱ्यावर डाग पडला तर काकू सांगायच्या, साबण लावू नकोस, लाल होईल. पाण्यानं धू आणि उन्हात टाक. उन्हात खरंच जायचा.

चौथीत मला स्कॉलरशिप मिळाली. बिल्डिंगीतल्या प्रत्येक दारात जाऊन मी सांगून आलो. काही दारांत दोनदा गेलो. काकूंकडे पोचलो तेव्हा त्या सहाणेवर हळकुंड उगाळत होत्या, कुणाच्या तरी पायाला मुरड आली होती त्यासाठी. माझं ऐकून घेतलं, शाबास म्हणाल्या, कनवटीचे आठ आणे काढून हातावर ठेवले आणि हसून म्हणाल्या, "पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालास की रे." मला अर्थ कळला नाही. मी आपला हातात पाहिलं, खरंच हळद लागली आहे का. कित्येक वर्षांनी लग्नात अंगाला हळद लागली तेव्हा कळलं की माणूस पिवळा व्हायला खरोखरच किती थोडी हळद पुरते. वाटीभर हळदीनं अख्खं घर पिवळं होतं. त्या म्हणीत चूक हळदीची नाहीच. हळद चांगलीच आहे. मिळालेलंही चांगलं, झालेला आनंदही खरा. त्या अर्ध्या तुकड्यावर माणूस संपूर्ण रंगून जातो आणि आपण आता पुरते पिवळे झालो असं समजतो, तिथं काहीतरी बिघडतं.

पण त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर जे होतं त्याला नेमकं म्हणायचं काय, हे मला या म्हणीतूनही पुरतं मिळेना. गर्व म्हणावं तर मी काही मोठ्यानं बोललो नव्हतो. माज हा शब्द गोठ्यातला. म्हैस माजावर येते, माणसाला तो लावायचा तर रग, मस्ती, उतू जाणं हवं. मिजास मूळची अरबी, तिथं तिचा अर्थ नुसता स्वभाव, प्रकृती. दिमाख म्हणजे तर मुळात दिमाग, मेंदू. आपल्याकडे येईपर्यंत तो डोक्यातून कपड्यांवर आणि चालण्यावर उतरला. टेंभा म्हणजे मशाल, आणि मशाल मिरवायची तर रस्ता हवा, बघणारे हवेत. या सगळ्या शब्दांना प्रेक्षक लागतो. मला लागत नाही. रोज सकाळी सहाला मी एकटाच चहाचा कप घेऊन त्या खिडकीत उभा राहतो, डोंगर बघतो आणि माझ्या आत काहीतरी मऊ, उबदार, पोटभर जेवल्यासारखं पसरतं. काकू आल्या त्या दिवशीही तेच पसरलं होतं. फक्त त्या दिवशी ते बघायला कुणीतरी होतं.

शब्द शोधायला मी मराठी ग्रंथ संग्रहालयात गेलो. 1893 सालची संस्था, लहानपणापासून माझी आवडती जागा. जुन्या कागदाचा वास आला की डोकं आपोआप शांत होतं. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे 1932 ते 1938 या काळात निघालेले सात खंड ज्याला कधी हाताळायला मिळाले असतील त्याला कळेल, एक शब्द बघायला जावं आणि दुपार संपावी असे ते आहेत. मी एक सोडून चार शब्दांच्या मागे लागलो, आणि घरी येऊन संस्कृतची जुनी पुस्तकं काढली.

पहिला शब्द आत्मसंतुष्ट. वर्तमानपत्राच्या अग्रलेखात हा शब्द आला की समजायचं कुणाची तरी हजेरी घेतली जाते आहे. सरकार आत्मसंतुष्ट झालं, क्रिकेट संघ आत्मसंतुष्ट झाला. आणि गीतेत, तिसऱ्या अध्यायात, 'आत्मन्येव च सन्तुष्टः' असा जो आहे त्याला करायचं काहीही उरलेलं नाही. म्हणजे पोचलेला माणूस. तोच आत्मा, तीच तुष्टी, आणि एक शब्द देवघरात तर दुसरा आरोपीच्या पिंजऱ्यात. ज्याला आपण आज आत्मसंतुष्ट म्हणून झोडपतो त्याच्यासाठी गीतेनं सोळाव्या अध्यायात वेगळा शब्द ठेवला आहे, 'आत्मसंभावित'. स्वतःच स्वतःचा सत्कार केलेला. आणि त्याला लागूनच 'स्तब्ध'. आपण स्तब्ध म्हणजे निश्चल, गप्प असं समजतो. तिथं त्याचा अर्थ ताठ. न वाकणारा. हे वाचलं आणि मला खिडकीपाशी उभा असलेला मी दिसलो. खरोखर ताठ होतो. पाठीमागे हात बांधले होते.

दुसरा शब्द धन्य. तो आला धनातून. धनाशी ज्याचा संबंध तो धन्य. मग तो भाग्यवान झाला, मग पुण्यवान. वारी करून आलेली माझी आजी कळसाचं दर्शन झालं म्हणून "धन्य झाले" म्हणायची तेव्हा तिच्याकडे धन म्हणून दोन पातळं आणि एक तांब्या होता. तेच धन्य आज आपण कसं वापरतो? "एवढ्यातच धन्यता मानतात लोक." तिसरा शब्द शिष्ट. माझी आई दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना शिष्ट म्हणायची, कारण त्या जिन्यात भेटल्या तरी हसत नसत. पतंजलीनं महाभाष्यात शिष्ट कोण हे सांगितलं आहे. ज्यांच्या घरी मडकंभरच धान्य असतं, ज्यांना लोभ नाही, आणि तरी जे कुठल्या ना कुठल्या विद्येत पारंगत आहेत, ते शिष्ट. मडकंभर धान्याचा धनी असलेला तो शब्द चालत चालत आमच्या नौपाड्यातल्या जिन्यात येईपर्यंत मान वेळावून निघून जाणाऱ्या बाईला चिकटला.

म्हणजे आपल्या भाषेनं या भावनेसाठी वेगळं भांडं केलंच नाही. दूध ज्या भांड्यात असतं त्याच भांड्यात ते नासतं.

एक शब्द मात्र असा मिळाला जो मुळातच त्याच कामासाठी घडवलेला आहे. पंडितंमन्य. पंडित नाही, स्वतःला पंडित मानणारा. पाणिनीनं यासाठी चक्क सूत्र केलं आहे, 'आत्ममाने खश्च'. आपणच आपल्याला अमुक मानत असू तर शब्द कसा बनवायचा, त्याचा नियम. मला हे वाचून फार बरं वाटलं आणि थोडं भरूनही आलं. इतक्या जुन्या काळी, जो व्याकरणात एका मात्रेचीही काटकसर करतो, त्याला माणसाच्या या सवयीसाठी जागा राखावीशी वाटली. त्या साच्यात आणखी शब्द बसतात. दर्शनीयंमन्य, स्वतःला देखणा मानणारा. मी हळूच त्यात धन्य घालून पाहिला. धन्यंमन्य. पेन्सिलनं वहीच्या कोपऱ्यात लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

तेव्हा आठवलं. वही समोर असताना, काहीही कारण नसताना, मी खिडकीपाशी बोललेलं वाक्य पुरतं आठवलं. "थोडं थांबायला हवं होतं काकू तुम्ही."

हे मी बोललो होतो. डोंगर दाखवत बोललो होतो. आणि चार दिवस मला ते आठवलं नव्हतं.

काकूंनी 2011 साली त्यांच्या खोल्यांची पागडी, म्हणजे जुन्या भाडेकरूचा हक्क, विकली. तेव्हा पुनर्विकासाची नुसती कुजबुज होती. काका अंथरुणावर होते, धाकट्याची नोकरी गेली होती, औषधांची बिलं दर आठवड्याला. त्यांना पैसे त्या महिन्यात हवे होते. मी थांबलो, सहा वर्षं भाड्याच्या घरात काढली, दोनदा काम बंद पडलं तेव्हा मोर्चातही गेलो, हे खरं आहे. पण मी थांबलो तेव्हा माझ्या हातात दर महिन्याच्या एक तारखेचा पगार होता, वडिलांची पेन्शन घरात येत होती, आणि आजारी कुणी नव्हतं. थांबणं हे मी इतकी वर्षं माझं कर्तृत्व समजत आलो. नातेवाइकांत, ऑफिसात, धीराची गोष्ट म्हणून सांगत आलो. त्या गोष्टीत काकू कधीच नव्हत्या. त्या आल्या आणि मी त्यांना त्यात बसवलं, न थांबलेल्यांच्या जागी.

आम्हा ठाणेकरांना ही खोड तशी शहरभर आहे, आणि मी ती प्रेमानंच सांगतो. पाहुणा आला की आम्ही त्याला तलावपाळीवर नेतो आणि देशातली पहिली प्रवासी गाडी आमच्याकडे आली असं सांगतो. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, तीन इंजिनं, चारशेच्या आसपास माणसं. मी स्वतः हे शंभरदा सांगितलं असेल आणि सांगताना छाती फुगलेली असायची. मला ती गाडी आवडते, ते मी सोडणार नाही. पण रूळ तेव्हा ठाण्यापर्यंतच झाले होते म्हणून गाडी ठाण्यापर्यंत आली, आणि पुढच्याच वर्षी 1854 मध्ये ती कल्याणलाही पोचली. आमच्यापैकी कुणी त्यासाठी एक खिळाही ठोकलेला नव्हता. 'सांगे वडिलांची कीर्ती' हे रामदासांनी मूर्खाच्या लक्षणांत घातलं आहे, आणि इथं तर ती कीर्ती वडिलांचीही नाही.

पुढच्या रविवारी मी बदलापूरला गेलो. अंतर बोरीबंदर ते ठाण्याएवढंच, चौतीसच्या आसपास किलोमीटर, पण आम्हा नौपाडावाल्यांच्या बोलण्यात ते नेहमी फार लांब असतं. "अगदीच बदलापूरला गेल्या हो त्या," असं आम्ही म्हणत होतो. मुंब्र्याची देवी गेली, कल्याणला गर्दी उतरली, अंबरनाथनंतर वारा गार झाला. माफी मागायची असं ठरवून निघालो होतो. वाक्य जुळवत होतो. प्रत्येक वाक्य थोडं मोठं होत होतं, आणि त्यात पाणिनीसुद्धा येऊ पाहत होता, म्हणून गप्प बसलो.

काकूंचं घर पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार उघडलं आणि तोच वास आला. हळद. आता त्या कुटत नाहीत, गिरणीतून दळून आणतात आणि पाव-पाव किलोच्या पुड्या बांधतात. शेजारपाजारच्या बायका नेतात. बोटांची पेरं अजून पिवळी. मला पाहून इतक्या हरखल्या की माझं जुळवलेलं वाक्य जिभेवर आलंच नाही. आल्या आल्या हाताला धरून घर दाखवायला लागल्या. ही खोली, हा ओटा, हे देवघर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर चंदेरीचा सुळका दिसतो, तो दाखवला. मग नदीच्या बाजूला बोट केलं. "2019 च्या जुलैत पाणी आलं ना रे, खालच्यांची कपाटं, फ्रीज, सगळं तरंगत होतं. आम्हाला तळमजला स्वस्तात मिळत होता बरं का. धाकटा म्हणत होता तोच घेऊ, आई, तुला जिने नकोत. मी म्हटलं, मुळीच नाही. वरचाच घ्यायचा." बोलता बोलता त्या ताठ झाल्या होत्या. एक हात कमरेवर. चेहऱ्यावर ते होतं. तेच, माझं. मी चार दिवस कोशांत शोधत होतो ते माझ्यासमोर नऊवारीत उभं होतं, आणि मला ते इतकं सुंदर वाटलं की काय करावं सुचेना. तिथं नासलेलं काही नव्हतं. की होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं? तीही कधीतरी वर चहाला आली असेल. जाताना ती काय म्हणाली असेल?

चहा झाला. या खेपेला काकूंनी बशी तिरकी करून शेवटचा घोट प्यायला. मी म्हणालो, "काकू, त्या दिवशी मी थांबण्याबद्दल बोललो…" त्यांनी हात झटकला. "अरे जाऊ दे, खरंच आहे ते," म्हणाल्या, आणि उठून मोरीतला नळ सोडून दाखवला. "हे बघ. दोन्ही वेळा येतं, आणि असं धारेनं. तुमच्याकडे चढतं का रे एवढं वर?" त्या वळून माझ्याकडे बघत होत्या. उत्तराची खरोखर वाट बघत होत्या.

आमच्याकडे चोवीस तास पाणी असतं.

"कुठलं काकू," मी म्हणालो. "सकाळी तासभर, तेही बारीक."

त्यांनी मान हलवली, च्‌ च्‌ केलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. निघताना हळदीची एक पुडी हातात कोंबली, पैसे घेतले नाहीत. मी वाकून नमस्कार केला. स्टेशनला चालत गेलो. परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. उल्हासनगरपर्यंत मला फार हलकं वाटत होतं. माफीपेक्षा हे बरं केलं असं वाटत होतं. एक छोटं खोटं, पण त्यांना किती आनंद झाला. आपल्याला सुचलं तरी. दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. आत ते पसरत होतं, मऊ, उबदार, पोटभर, आणि डोंबिवली गेली तरी मी त्याला ओळखलं नव्हतं. दिव्याला गाडी बराच वेळ थांबली. समोरच्या बाकावर एक म्हातारी डबा मांडीवर घेऊन झोपली होती. तेव्हा कुठं मी मांडीवरच्या पुडीकडे पाहिलं. कागदातून थोडी हळद बाहेर आली होती, अंगठ्याला लागली होती.

घरी पोचलो. बायकोनं दार उघडलं, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "काय रे, खूश दिसतोयस."

मी पुडी तिच्या हातात दिली आणि हात धुवायला आत गेलो. नळ सोडला. पाणी धारेनं आलं.